वेबपान साठवून ठेवायचं, रेंज नसताना वाचायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात नेट नाही असं आता कुणी म्हणत नाही. नेट आहे, पण ते लातूर-नांदेडच्या चौकात आहे. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात, बालाघाटाच्या घाटाखालच्या वाड्या-तांड्यांवर, किंवा लाइट चार तास गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की ते आहे म्हणायचं आणि नाही म्हणायचं, सारखंच. त्यात अर्ज, जीआर, निकाल, पिकाचा सल्ला, अभ्यासाच्या नोट्स सगळं वेबसाइटवर गेलं. म्हणून तालुक्याला आल्यावर पान मोबाइलमध्ये घ्यायचं आणि घरी जाऊन निवांत वाचायचं, ही गरज इथं शहरापेक्षा जास्त आहे. अभ्यासिकेतली पोरं, शिक्षक, शेतकरी आणि ई-सेवा केंद्राच्या बाकड्यावर नंबराची वाट बघणारी माणसं जे विचारतात, तेच खाली घेतलंय.

पान बुकमार्क केलंय, तरी घरी गेल्यावर उघडत नाही. असं का?

बुकमार्क म्हणजे फक्त पत्ता. पत्ता वहीत लिहिला म्हणून माणूस घरी येत नाही. पान उघडताना दरवेळी ते कंपनीच्या सर्व्हरवरून नव्यानं मागवावं लागतं, आणि त्याला नेट लागतं.

दुसरी सवय याहून घातक : पान उघडं ठेवायचं, बंद करायचं नाही, आणि ‘घरी जाऊन बघतो’ म्हणायचं. बसमध्ये बसल्यावर मधेच फोन येतो, मग व्हॉट्सॲप उघडतं, मग कॅमेरा. कमी रॅमचा फोन असला की अँड्रॉइड मागं पडलेलं क्रोम आवरून टाकतो. परत गेलात की टॅब दिसतो, नावही दिसतं, पण बोट लावलं की ते पान पुन्हा लोड व्हायला लागतं आणि समोर क्रोमचा तो ‘नेट नाही’ सांगणारा डायनासोर उभा. उघडा टॅब म्हणजे साठवलेलं पान नव्हे. तो फोनच्या मर्जीवर आहे.

मग अँड्रॉइडवर सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

क्रोममध्ये पान पूर्ण उघडू द्या. वर उजवीकडच्या तीन टिंबांवर बोट लावा. जी यादी उघडते तिच्या वरच्या ओळीत खाली तोंड केलेला बाण असतो. तो दाबला की झालं. ही सोय क्रोममध्ये २०१६ च्या अखेरीपासून आहे, म्हणजे तुमच्या फोनमध्ये ती नक्की असणार, वेगळं ॲप घ्यायची गरज नाही. नंतर वाचायचं तेव्हा त्याच तीन टिंबांत ‘डाउनलोड्स’ उघडायचं.

दोन गोष्टी फार जणांना ठाऊक नसतात. एक : पान न उघडताही घेता येतं. यादीतल्या दुव्यावर बोट दाबून धरा, ‘डाउनलोड लिंक’ येतं. विद्यापीठाच्या किंवा आयोगाच्या साइटवर दहा सूचना असतील तर एकेक उघडत बसण्यापेक्षा हे बरं पडतं. दोन : रेंज नसताना पान उघडायला गेलात तर डायनासोराच्या पानावरच ‘नेट आल्यावर डाउनलोड करा’ अशा अर्थाचं बटण येतं. ते दाबून फोन खिशात टाका. रस्त्यात कुठं रेंज आली की क्रोम ते पान घेऊन ठेवतो.

सेव्ह झालं की नाही, हे घर गाठायच्या आधी कसं कळणार?

एअरप्लेन मोड चालू करा आणि साठवलेलं पान उघडून बघा. शेवटपर्यंत सरकवा. चित्रं, तक्ते, दुसरं पान, सगळं दिसतंय? मग एअरप्लेन मोड काढा आणि गाडीत बसा. नसेल दिसत तर अजून तुम्ही रेंजमध्येच आहात, पुन्हा घेता येईल. या एका सवयीनं खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत. तरी ते रोज पडतात.

मजकूर आला, पण फोटो आणि तक्त्यांच्या जागी नुसते राखाडी चौकोन. काय चुकलं?

बहुतेक साइटी आता चित्रं आळशीपणानं आणतात : तुम्ही जिथवर सरकवाल तिथवरचीच. वरचा भाग बघून लगेच बाण दाबला तर खालची चित्रं आलेलीच नसतात, मग साठणार काय? आधी पान सावकाश तळापर्यंत न्या, मग वर या, मग सेव्ह करा. ‘अधिक वाचा’, ‘पुढे पहा’ अशी बटणं असतील तर ती आधी उघडा. ‘उत्तर दाखवा’ दाबल्यावर उत्तर उलगडणाऱ्या सराव-प्रश्नांच्या साइटींवर तर हे पक्कं लक्षात ठेवा, नाहीतर घरी शंभर प्रश्न आणि उत्तर एकाचंही नाही.

व्हिडिओ मात्र पानासोबत येत नाही. यूट्यूबचं चित्र दिसेल, चालणार नाही. यूट्यूबच्या ॲपमध्ये डाउनलोडची सोय आहे, पण तो व्हिडिओ त्या ॲपमध्येच चालतो, बाहेर काढता येत नाही.

ही ‘एमएचटीएमएल’ शेपटीची फाइल काय भानगड आहे?

साधं वेबपान ही एक फाइल नसतेच. मजकूर एका फाइलीत, प्रत्येक चित्र वेगळं, अक्षरांचा फॉन्ट वेगळा, मांडणी वेगळी, असे वीस-पंचवीस तुकडे असतात. एमएचटीएमएलमध्ये हे सगळे एकाच फाइलीत बांधले जातात, ईमेलला जोडपत्रं जोडतात त्याच तंत्रानं. हे तंत्र १९९० च्या दशकाच्या अखेरचं आहे. क्रोम आणि एज ती उघडतात. फायरफॉक्स आपणहून उघडत नाही, आयफोनवरही तिच्या नादी लागू नका.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कंट्रोल आणि एस दाबलं की खाली तीन पर्याय दिसतात. ‘एचटीएमएल ओन्ली’ घेतलंत तर फक्त मजकुराचा सांगाडा येतो. ‘कम्प्लीट’ घेतलंत तर एक फाइल आणि तिच्या नावाचं एक फोल्डर, अशी जोडी येते. पेन ड्राइव्हवर घेताना लोक फाइल घेतात, फोल्डर तिथंच राहतं, आणि घरी पान उघडं-बोडकं दिसतं. ‘सिंगल फाइल’ घ्या, नाहीतर जोडी फोडू नका. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी ‘सिंगलफाइल’ नावाचं फुकट एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, आहे. ते सगळं पान एकाच साध्या एचटीएमएल फाइलीत आणतं, जी कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. कॉम्प्युटरवर रोज पानं जमवणाऱ्याला मी तेच सांगतो.

पीडीएफ करू की पानच सेव्ह करू? मास्तर म्हणतात पीडीएफ, पोरगं म्हणतं पान.

दोघंही बरोबर आहेत, काम कोणतं त्यावर ठरतं.

फोनच्या पडद्यावर वाचायचं असेल तर पान. त्यातली अक्षरं पडद्याच्या रुंदीला जुळवून घेतात. पीडीएफ ही कागदाची प्रतिमा आहे : ए-फोरचा कागद सहा इंची पडद्यावर आला की अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला बोट डावीकडून उजवीकडे ओढायचं. दहा मिनिटांत माणूस वैतागून फोन ठेवून देतो.

दुसऱ्याला पाठवायचं, छापायचं, कार्यालयात दाखवायचं असेल तर पीडीएफ. ती कुठल्याही फोनवर उघडते, आणि अक्षरांचे फॉन्ट सहसा तिच्या पोटातच असतात. क्रोममध्ये ‘शेअर’मधून ‘प्रिंट’ घ्या आणि प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये शेअरच्या यादीत ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ थेटच असतं.

आता खरी युक्ती. प्रिंटच्या पडद्यावर ‘पेपर साइज’ विचारतात, तिथं सगळे ए-फोर तसाच ठेवतात. तो बदलून ए-फाइव्ह करा, लहान फोन असेल तर ए-सिक्स. कागद लहान झाला, अक्षर तेवढंच राहिलं, म्हणजे पडद्यावर ते मोठं दिसतं. पानं वाढतील, वाढू द्या, मोबाइलमध्ये कागद कुठं खर्च होतो! त्याआधी पान ‘रीडर व्ह्यू’मध्ये घेतलं, म्हणजे जाहिराती आणि बाजूच्या पट्ट्या गेल्या, तर पीडीएफ पुस्तकासारखी सुटसुटीत येते. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीतच पानाचं एक छोटं चिन्ह असतं, त्याला बोट लावायचं.

पीडीएफचा एक दोष मराठी माणसानं ओळखून असावा. मराठी पीडीएफमध्ये शोध बऱ्याचदा फसतो. डोळ्यांना ‘विहीर’ स्वच्छ दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही, कारण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते आणि काही पीडीएफ तिला दिसते त्याच क्रमानं साठवतात. जोडाक्षरांचंही तसंच. तिथला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की वेलांट्या सैरावैरा पळतात. ज्यात पुढं शोधाशोध करायची आहे ते पान म्हणून ठेवा.

आणि स्क्रीनशॉट?

एखाद्या आकड्यापुरता ठीक. लेखाचे चौदा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळले की ते पुन्हा कुणाला सापडत नाहीत.

सेव्ह केलेलं पान उघडलं तर मराठीच्या जागी गिचमिड. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. गिचमिड दोन प्रकारची असते आणि दोन्हींवर उपाय वेगळा.

पहिली : डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’, त्याला चिकटून चार टोकांचं छोटं वर्तुळ, मग काहीतरी तिसरं, आणि हाच तीनाचा ताल ओळभर. हे अस्सल युनिकोड (आज सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) मराठीच आहे, फक्त ब्राउझरनं ती दुसऱ्याच लिपीची समजून वाचलीय. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून एका अक्षराची तीन चिन्हं झालेली दिसतात. ‘एचटीएमएल ओन्ली’ सेव्ह केलेल्या पानांत हे जास्त होतं. कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्सच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे, ते दाबलं की बहुतेक वेळा मराठी जागेवर येते.

दुसरी : रोमन अक्षरं, कंस, आकडे, सगळं विनाकारण विखुरलेलं. हे पान युनिकोडच्या आधीच्या काळातलं. श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं. तिथं संगणकाच्या लेखी ‘क’ नव्हताच, एका रोमन बटणावर ‘क’चं चित्र बसवलेलं होतं. तो फॉन्ट फोनमध्ये नसला की चित्र जातं आणि बटण उरतं. जुनी दैनिकं, दिवाळी अंक आणि काही जुन्या सरकारी पानांत हे भेटतं. नेटवर असताना पान नीट दिसत असेल तर तिथंच पीडीएफ करून घ्या, म्हणजे फॉन्ट सोबत येईल. मजकूर पुढं वापरायचा असेल तर त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक शोधून त्यात टाकावा लागतो, आणि नंतर डोळ्यांखालून घालावाच लागतो. र-कार आणि रफार हमखास चुकतात.

‘फाइलचं नाव फार लांब आहे’ असं म्हणून सेव्हच होत नाही.

हा खास आपला त्रास. अँड्रॉइड आणि लिनक्समध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी नावाला ती २५५ अक्षरं पुरते. देवनागरीत एका चिन्हाला तीन बाइट, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘मराठवाड्यातील’ या एका शब्दाची चिन्हं मोजा : म, र, काना, ठ, व, काना, ड, हलन्त, य, काना, त, वेलांटी, ल. तेरा झाली, म्हणजे ३९ बाइट. बातमीचा मथळा तसाच नाव म्हणून आला की मर्यादा सहज ओलांडते.

म्हणून नाव आपण द्यायचं आणि तारीख पुढं ठेवायची : वर्ष, महिना, दिवस, मग दोन-तीन शब्द. यादी आपोआप तारखेच्या क्रमानं लागते. आणि एक लक्षात असू द्या : २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या जमवलेल्या पानांत जुनीच नावं आहेत. शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

जीआर आणि सातबारा असेच सेव्ह करायचे का?

नाही. जिथं मूळ पीडीएफ मिळते तिथं पान सेव्ह करू नका, पीडीएफच घ्या. शासन निर्णयांच्या साइटवर शोधाच्या यादीचं पान सेव्ह केलं तर हाती फक्त यादी लागते, त्यातला दुवा नेटशिवाय उघडत नाही. प्रत्येक जीआरला लांबलचक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. फाइलचं नाव तोच सांकेतांक आणि पुढं एक शब्द असं ठेवलंत की कार्यालयात ‘कोणता जीआर?’ विचारल्यावर खाली बघायला लागत नाही.

सातबाऱ्याचं म्हणाल तर महाभूलेख या सरकारी साइटवर फुकट दिसतो तो बघण्यापुरता. त्याचा स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ घेऊन बँकेत गेलात तर परत पाठवतील. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो पीडीएफच असतो. ती फाइल आहे तशी ठेवा. तिचा प्रिंट काढून, फोटो काढून, पुन्हा पीडीएफ करण्याचा उद्योग करू नका, डिजिटल सही त्यात मरते.

बाजारभाव आणि हवामानाचं पान सेव्ह करून ठेवलं तर चालेल?

ठेवा, पण त्यावर व्यवहार करू नका. साठवलेलं पान त्या घटकेला थांबलेलं असतं. काल दुपारी सेव्ह केलेला लातूरचा सोयाबीनचा भाव आज सकाळी उघडला तरी कालचाच दिसणार, आणि पानावर मोठ्या अक्षरात ‘आजचे बाजारभाव’ लिहिलेलं असणार. फसगत तिथंच होते. भाव फोन लावून विचारावा.

हवामानाचंही तसंच, पण त्यात एक उपयोगाची चीज आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून आठवड्यात दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावरून कापूस, सोयाबीन, तूर, हळद यांत काय करावं, असं त्यात असतं. तो घेऊन ठेवण्यासारखा आहे, कारण तो मुळातच चार-पाच दिवसांसाठी लिहिलेला असतो. नवा आला की जुना पुसून टाका.

पीक-सल्ल्याच्या लेखांत औषधाची मात्रा असेल तर लेखाची तारीख बघितल्याशिवाय फवारणी करू नका. काही कीटकनाशकांवर मधल्या काळात बंदी आलेली असते, आणि साठवलेलं पान ते तुम्हाला सांगणार नाही. सेव्ह करताना पानावर तारीख नसेल तर फाइलच्या नावात तरी असू द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं सोबत जातात. त्यांच्या फोनमध्ये काय भरून देता येईल?

बीडच्या शिक्षकांकडून हा प्रश्न दिवाळीच्या आसपास येतो, टोळ्या निघायच्या वेळी. पाच-सहा महिने फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत राहायचं, चार्जिंग मुकादमाच्या किंवा गावातल्या दुकानदाराच्या मेहेरबानीवर, आणि घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. तेव्हा नेटवर अवलंबून असलेलं काहीही देऊ नका.

पहिल्यांदा बालभारतीची पुस्तकं. ई-बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांच्या पीडीएफ फुकट आहेत. लेकराची फक्त चालू इयत्ता द्या, आणि शक्य असेल तर मागची एक. बारा इयत्ता भरून दिल्या की शोधण्यातच ते कंटाळतं. दीक्षा ॲपमध्ये धडे ऑफलाइन घेता येतात, पण ते शाळेच्या वायफायवर आधीच उतरवून, एअरप्लेन मोडमध्ये तपासून द्या.

दुसरं किविक्स. हे ॲप २००७ पासून याच कामासाठी आहे : अख्खा विकिपीडिया एका फाइलीत बांधून नेटशिवाय वाचायचा. भाषेत मराठी निवडली की मराठी विकिपीडिया येतो, चित्रांसह किंवा चित्रांविना. जागा कमी असेल तर चित्रांविना घ्या. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट शंभर जीबीच्या वर जातो, त्याच्या वाटेला जाऊ नका. आत शोधाची पट्टी चालते, एका लेखातून दुसऱ्या लेखात जाता येतं, पोराला वाटतं नेटच चालू आहे. मराठी विकिपीडियावरचे काही लेख चार ओळींचे आहेत, हे खरं. तरी फडावर ‘गोदावरी’ शोधून ती त्र्यंबकेश्वराहून पैठण, नांदेडवरून कुठवर जाते हे बघता येणं काही कमी नाही.

इंग्रजी धडे असतील तर गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा ऑफलाइन संच उतरवून द्या. भाषांतर नेटवरच्याइतकं चांगलं येत नाही, पण शब्दाचा अर्थ कळतो.

ज्या फाइली टाकता येतील त्या मेमरी कार्डावर टाका, फोनमध्ये नको. फोन बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्यात घालता येतं. आणि पडद्याचा उजेड कमी करून, एअरप्लेन मोडमध्ये वाचायला शिकवा. रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी खातो.

एकेक पान कशाला, पूर्ण वेबसाइटच उतरवता येत नाही का?

येते. कॉम्प्युटरवर एचटीट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कमांड लिहिता येत असेल तर डब्ल्यूगेट आहे. दोन्ही जुनी आणि भरवशाची. पण दुव्यांच्या किती पातळ्या आत जायचं ते न सांगता सोडलंत तर ते दुव्यावरून दुव्यावर जात रात्रभर चालतं आणि सकाळी डिस्क भरलेली. सरकारी साइटी आधीच रडतखडत चालतात, त्यांच्यावर सेकंदाला पन्नास मागण्या पाठवल्यात तर बाकीच्यांचं काम अडतं. मागण्यांचा वेग आवरायची सूचना दोन्हींत देता येते, ती द्या. लॉगिन लागणाऱ्या आणि हलत्या साइटी यानं नीट येत नाहीत. शंभरात नव्वद जणांना खरं तर दहा पानंच हवी असतात.

पॉकेटमध्ये माझे शेकडो लेख होते. ते कुठं गेले?

पॉकेट, म्हणजे लेख साठवून नंतर वाचायची ती सेवा, ८ जुलै २०२५ ला बंद झाली. फायरफॉक्सवाल्या मोझिलानं ते २०१७ मध्ये घेतलं होतं. डेटा बाहेर काढून घ्यायला त्यांनी पुढं काही महिने दिले होते, ती मुदतही गेली. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कामाचं ऑम्निव्होर बंद झालं होतं. तसलंच इन्स्टापेपर अजून चालू आहे, आणि तांत्रिक हात असेल तर वॉलाबॅग स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं. माझं मत विचाराल तर जे खरोखर हवंय ते फाइल म्हणून स्वतःजवळ असावं.

मूळ साइटवरून पानच काढून टाकलंय. आता?

वेबॅक मशीन ही साइट बघा. ती चालवणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती ठेवते आणि २००१ पासून त्या सगळ्यांना खुल्या आहेत. जुना पत्ता टाकला की कोणत्या तारखेची प्रत आहे ते कॅलेंडरवर दिसतं. पूर्वी गूगलच्या शोधात ‘कॅश’ प्रत मिळायची, ती सोय २०२४ मध्ये गेली. भरतीची जाहिरात किंवा गुणवत्ता यादी लागली की वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये तिचा पत्ता टाकून ठेवा. उद्या यादी बदलली आणि वाद झाला तर तुमच्या फोनमधल्या फाइलीपेक्षा तिऱ्हाइताकडची तारीखवार प्रत जास्त वजनाची ठरते.

डेटा किती जातो?

हजार शब्दांचा मराठी मजकूर साधारण २० केबीचा. पण आजचं पान जाहिराती-चित्रांसकट सहज दोन-तीन एमबी होतं. रोजच्या दीड जीबीत अशी पानं कितीही बसतील. दिवसाच्या पॅकमधला उरलेला डेटा रात्री बाराला वायाच जातो, तेव्हा झोपण्याआधी उद्याची पानं घेऊन ठेवा. एकदा साठवलेलं पान कितीही वेळा वाचा, डेटा शून्य.

हे कायद्यात बसतं का?

स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी ठेवणं बसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि संशोधनाला मुभा आहे. तेच लेख गोळा करून आपल्या नावानं पीडीएफ विकणं, किंवा पैसे भरून घेतलेला ई-पेपर रोज सकाळी गावच्या ग्रुपवर टाकणं, यात ती मुभा नाही. ‘सगळेच टाकतात’ हे उत्तर कोर्टात चालत नाही.

आयफोनवर?

सफारीत ‘रीडिंग लिस्ट’मध्ये टाका, आणि सेटिंगमध्ये ती आपोआप ऑफलाइन साठवण्याचं बटण चालू करा. बटण बंद असेल तर ती नुसती पत्त्यांची यादी. पीडीएफ हवी असेल तर स्क्रीनशॉट काढून ‘फुल पेज’ निवडा.

कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘यादी’ची फाइल पाठवलीय. उघडू का?

नावाच्या शेवटी काय आहे ते आधी बघा. शेवटी ‘एपीके’ असेल तर ते पानही नाही आणि यादीही नाही, ते ॲप आहे. ‘पीएम किसान यादी’, ‘बँक केवायसी’, लग्नपत्रिका अशा नावांनी हे फिरतं, आणि एकदा बसलं की ओटीपीचे मेसेज वाचून खातं रिकामं करतं. तुमच्या सख्ख्या मावसभावाकडून आलं तरी उघडू नका, त्याचाच फोन गेलेला असतो. एचटीएमएल फाइल वाचायला हरकत नाही, पण तिनं पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागितला तर तिथंच बंद करा. साठवलेल्या पानाला पासवर्ड लागत नसतो.

उलट बाजूनंही जपा. लॉगिन केलेलं पान सेव्ह केलं तर तुमचं नाव, अर्ज क्रमांक, कधी मोबाइल नंबरही त्यात येतो. ते पान ग्रुपवर टाकण्याआधी वरचा कोपरा बघा.

नवा फोन घेतोय. जुन्यातली पानं कशी न्यायची?

फाइल मॅनेजरमध्ये ‘डाउनलोड’ फोल्डर उघडा. क्रोमनं ठेवलेली पानं सहसा तिथं एमएचटीएमएल शेपटीनं दिसतात. अख्खं फोल्डर मेमरी कार्डावर, किंवा ओटीजी (फोनला पेन ड्राइव्ह जोडायची पिन) लावून पेन ड्राइव्हवर कॉपी करा. जी पानं क्रोमच्या यादीत दिसतात पण फोल्डरात नाहीत, ती क्रोमच्या स्वतःच्या जागेत आहेत. ती एकेक उघडून शेअर करून बाहेर काढावी लागतात. हे सगळं व्हायच्या आधी दुकानदाराच्या हाती फोन देऊन ‘फॉरमॅट मारा’ म्हणू नका, आणि जागा कमी पडली म्हणून क्रोमचं ‘क्लिअर डेटा’ही दाबू नका. नव्या फोनमध्ये कॉपी झाल्यावर दोन-तीन फाइली उघडून बघा, मगच जुना फोन विका.